एक बोल्ट, तीन दिवस : ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटलेल्या एम-८ चं प्रकरण

प्रकरण चार ओळींत सांगून संपतं. माझ्या गॅरेजमध्ये जुनी पेट्रोल गाडी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) बदलायला आली, त्याच्या हाउसिंगच्या, म्हणजे झाकणाच्या, दोन बोल्टांपैकी खालचा, एम-८ म्हणजे ८ मिमी जाडीचा, तुटला, तो काढताना आत ईझी-आउट, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायचं अवजार, तेही तुटलं, आणि तिसऱ्या दिवशी भोसरीच्या कारखानदारी भागातून स्पार्क मशिन, म्हणजे ठिणग्यांनी धातू खाणारं मशिन, आणून दोन्ही बाहेर काढले. बोल्ट माझ्या हातून तुटला आणि ईझी-आउटही माझ्याच, त्यामुळे लिहायला मोकळीक आहे. दुसऱ्याची चूक असती तर ती इतकी उघडी करायला जीभ रेटली नसती.

गाडी २०११ ची, चार सिलिंडरची, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. मालक धायरीचे, निवृत्त, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. तक्रार अशी की खंबाटकीच्या घाटात तापमानाचा काटा वर चढतो आणि उतारावर आपोआप खाली येतो. थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय हे ऐकूनच कळत होतं. बुधवारी सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहासारखं पाणी.

"काका, कुलंट कधी घातलं होतं?"

"अहो, पाणीच घालतो ना नेहमी. आमच्या बोअरचं. चांगलं पाणी आहे, आम्ही सगळे पितो."

माणसानं प्यायला चांगलं असलेलं पाणी इंजिनालाही चांगलं, हा समज पुण्यात फार घट्ट आहे. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पोलादाचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये असं क्षाराचं पाणी शिरलं की ती एक छोटी बॅटरीच होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून त्याची जी पांढरी पूड होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. आट्यांमधल्या बारीक फटीत ती ठासून बसते आणि बोल्ट डिंकानं चिकटवल्यासारखा होतो. कुलंट काय फक्त पाणी उकळू नये म्हणून घालतात असं नाही. त्यातली गंज रोखणारी द्रव्यं हेच थांबवायला असतात.

या गाडीत खालच्या बोल्टाजवळ गॅस्केट, म्हणजे सांध्यातून पाणी गळू न देणारी पट्टी, थोडं पाझरत होतं. हाउसिंगच्या कडेला पांढऱ्या पापडीचा ओघळ दिसत होता. वरचा बोल्ट कोरडा होता, तो सरळ सुटला. तिथेच मी फसलो. वरचा सुटला म्हणून खालचाही सुटेल असं धरून चाललो, आणि दोघांमधला फरक तो ओघळ मला समोर दाखवत होता.

तुटायच्या आधीचे दोन सेकंद इथे सावकाश सांगतो, कारण सगळं प्रकरण त्या दोन सेकंदांत आहे. १२ ची गोटी (सॉकेट पाना) लावली, हँडलवर जोर दिला. बोल्ट हलला. साधारण पाव फेरा. जाम बोल्ट सुटतो तेव्हा 'कट्' असा आवाज येतो, हाताला झटका बसतो आणि मग जोर एकदम कमी लागतो. इथे आवाज नव्हता. हँडल मऊ मऊ फिरत होतं, ओल्या दोरीला पीळ घालावा तसं. म्हणजे बोल्टाचं डोकं फिरत होतं, आटे जागेवरच होते. मधली मान पिळली जात होती. तीस वर्षं पाने फिरवलेल्या हाताला हे कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण हात थांबला नाही. शनिवारी काकांना नातीच्या बारशाला कोल्हापूरला जायचं होतं, आणि "तासाभराचं काम आहे, बसा" असं मी म्हणून बसलो होतो.

मऊ लागल्याबरोबर उलट दिशेला, म्हणजे आवळायच्या बाजूला, तितकंच फिरवायचं, डोक्यावर हातोडीचे चार नेमके ठोके द्यायचे आणि हेडला उष्णता द्यायची. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८ मिमीच्या भोकाला १५० अंशांनी जास्त तापवलं तर भोक आणि बोल्ट यांच्या मापातला फरक सुमारे १३ मायक्रॉननं वाढतो. केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढा. ऐकायला हे काहीच नाही, पण आट्यात ठासलेली पूड मोडायला बऱ्याचदा तेवढं पुरतं. जवळून पेट्रोलची लाइन जात असल्यामुळे उघडी ज्योत नको होती. हॉट एअर गन चालली असती. ती फळीवर होती. खाली काढली ती बोल्ट तुटल्यावर.

बोल्ट हेडच्या तोंडापासून २ मिमी आत तुटला. तुटलेलं तोंड सपाट होतं आणि त्यावर गोल फिरवल्यासारख्या बारीक रेषा होत्या, म्हणजे शुद्ध पिळानं तुटलेला. जुनी चीर असती तर तोंडाचा काही भाग काळा, गंजलेला दिसला असता आणि बोल्टावर थोडं खापर फोडता आलं असतं. तसं काही नव्हतं. आत साधारण १८ मिमी तुकडा राहिला होता, आणि पकडायला बाहेर काहीच नव्हतं.

तरी बिघडलं काहीच नव्हतं. तुटलेला बोल्ट ही वाट बंद झालेली नसते. पुढचं पाऊल असं टाकायचं की ते फसलं तरी त्याच्या पुढचं पाऊल टाकता यावं, ही एकच गोष्ट अशा कामात सांभाळायची असते. मी नेमकं उलट केलं.

दुपारभर तेल सोडून ठेवलं आणि संध्याकाळी सेंटर पंच मारून ड्रिल घातला. तुटलेलं तोंड आत असल्यामुळे पंच तिरका लागला, ड्रिल सरकला. ४ मिमीचं भोक पडलं ते मध्यापासून ०.८ मिमी बाजूला. म्हणजे बोल्टाच्या गाभ्याची एका बाजूला २ मिमी भिंत उरली आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मिमीसुद्धा नाही. याला उपाय सोपा होता, आणि तो हाताशीच पडला होता : काढलेलं हाउसिंग. त्याचं बोल्टाचं भोक हेडमधल्या आट्याच्या बरोबर समोर येतं. त्या भोकात बसेल अशी, मध्ये ड्रिलच्या मापाचं छिद्र असलेली बुश, म्हणजे छोटी नळी, टर्नरकडून (लेथवाल्याकडून) करून घ्यायची, हाउसिंग वरच्या बोल्टानं परत बसवायचं आणि त्या बुशमधून ड्रिल घालायचा. मग मनात आणलं तरी तो मध्य सोडत नाही. बुश कातायला टर्नरला दहा मिनिटं लागतात. मला ती दहा मिनिटं जास्त वाटली.

मग ईझी-आउट. नाव मोठं गोड आहे, पण माझ्या मते जाम बोल्टासाठी हे अवजार विकायलाच नको. ते शंकूसारखं निमुळतं असतं, उलट्या पिळाचं. भोकात फिरवलं की रुततं, आणि रुतताना बोल्टाच्या भिंती बाहेर दाबतं. म्हणजे ज्या आट्यांमध्ये आधीच पूड ठासली आहे, त्यांना आणखी घट्ट आवळतं. त्याहून सरळ हिशोब ताकदीचा आहे. गोल दांड्याची पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात जाते. एम-८ बोल्टाचा आट्यांच्या मुळाशी गाभा साधारण साडेसहा मिमी, आणि आत गेलेल्या ईझी-आउटचा व्यास ४ मिमी. ४ ला साडेसहानं भागून घन काढला की उत्तर पावापेक्षा कमी येतं. ईझी-आउटचं पोलाद जास्त कडक असतं हे खरं, पण ते ठिसूळही तितकंच असतं. ज्या आट्यांनी आख्खा बोल्ट पिळून तोडला, ते त्याच्या पाव ताकदीच्या काडीला का सुटतील? बोल्ट धक्क्यानं, ओरबाडून किंवा कापला जाऊन तुटला असेल आणि आटे मोकळे असतील, तर ईझी-आउट छान चालतं. जाम होऊन तुटलेल्याला नाही. हे मला माहीत होतं, पोरांना मीच शिकवतो.

'टिक्' असा आवाज आला. त्या वेळी आमचा शिकाऊ पोरगा टॉर्च धरून उभा होता. तो काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

आता आत बोल्टापेक्षा किती तरी कडक पोलाद अडकलं होतं. साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो आणि बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतो. पुढच्या चुकीला हेडच गेलं असतं. बारीक पंचानं ठोकून ईझी-आउटचे तुकडे पाडता येतात कधी कधी, कारण ते ठिसूळ असतं. दहा मिनिटं प्रयत्न केला. वरचा एक टवका उडाला आणि हेडच्या तोंडाची कड थोडी दबली. तेव्हा कुठे हातोडी खाली ठेवली. रात्री आठ वाजता काकांना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे शनिवारी एसटी."

गुरुवार म्हणजे भोसरीची सुट्टी. वीजभाराच्या विभागणीमुळे तिकडच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे मला विचार करायला एक आख्खा दिवस मिळाला. विचार आदल्या दिवशी करायचा होता, ते वेगळं.

वेल्डिंगनं नट चिकटवणं हा एरवी माझा पहिला पसंतीचा उपाय. तुटलेल्या तोंडावर नट धरायचा, नटाच्या पोटातून वेल्ड भरायचं, लाल असताना थोडं थांबायचं आणि पाना लावायचा. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला जोडलं जात नाही, आणि बोल्ट आतून तापून मग आकसला की पुडीची पकड मोडते. बुधवारी दुपारी ड्रिल न घालता हे केलं असतं, तर बोल्ट निघण्याची चांगली शक्यता होती. निघाला नसता तरी तोंडावर आणखी धातू चढला असता, कमी झाला नसता. आता मात्र एका बाजूची भिंत अर्ध्या मिमीहून पातळ होती. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पोलाद वितळायला त्याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. त्या पातळ बाजूनं आर्क थेट हेडमध्ये उतरला असता.

एक तुरटीचा उपायही आठवला. जुने घड्याळजी हा करायचे : पितळेच्या पाटीत पोलादाचा बारीक स्क्रू तुटला की पाटी तुरटीच्या गरम, दाट पाण्यात टाकून ठेवायची. तुरटी पोलाद हळूहळू खाते, पितळेला हात लावत नाही. ॲल्युमिनियमलाही फारसा नाही. सुटा छोटा भाग असेल, उदाहरणार्थ कार्ब्युरेटरची बॉडी, तर पातेल्यात दिवसभर मंद आचेवर ठेवून हे खरंच जमतं. पण गाडीवर बसवलेल्या हेडच्या आडव्या भोकात तुरटीचं पाणी उकळत कसं ठेवणार? हेड काढून घंगाळात घालण्याइतका मी अजून हताश झालो नव्हतो.

कार्बाइडचा ड्रिल कडक पोलाद कापतो, पण त्याला मशिनची घट्ट पकड लागते. हातातल्या ड्रिलमध्ये जरा तिरका झाला की तोही मोडतो, आणि मग आत तीन वस्तू. उरला स्पार्क.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : पितळेची किंवा तांब्याची कांडी तुटलेल्या तुकड्याच्या अगदी जवळ आणतात, टेकवत नाहीत. मधल्या फटीत पाण्याची धार सोडतात आणि विजेच्या ठिणग्या पाडतात. प्रत्येक ठिणगी धातूचा सुईच्या टोकाहून लहान कण वितळवून उडवते, पाणी तो वाहून नेतं. धातू किती कडक आहे याच्याशी ठिणगीला देणंघेणं नाही. वीज वाहून नेत असला की झालं. आणि जोर शून्य, त्यामुळे काही मोडायची भीती नाही. १९४३ च्या सुमारास मॉस्कोत लाझारेन्को दांपत्य विजेच्या कॉन्टॅक्टची ठिणग्यांनी होणारी झीज कशी थांबवावी याचा अभ्यास करत होतं. झीज थांबेना, तेव्हा तिलाच त्यांनी कामाला लावलं. साधारण त्याच काळात अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांनी आपलं वेगळं मशिन बनवलं, आणि कशासाठी तर ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये तुटलेले टॅप (आटे पाडायचं अवजार) आणि ड्रिल काढण्यासाठी. हे मला कळलं तेव्हा बरं वाटलं. माझी चूक निदान ऐंशी वर्षांची खानदानी होती.

भोसरीत मोल्ड आणि डायची कामं करणाऱ्या शॉपमध्ये अशी मोठी मशिनं असतात, पण त्यांच्या टाकीत ठेवायला हेड काढावं लागलं असतं : टायमिंग चेन, हेड गॅस्केट, दोन दिवसांची मजुरी. तुटलेले टॅप काढणारी, हातानं उचलून नेता येण्यासारखी मशिनंही असतात. असं मशिन घेऊन जागेवर जाणारे एक अण्णा मला एका टर्नरनं सुचवले. गुरुवारी त्यांच्याशी बोललो. त्यांचा पहिला प्रश्न, "आत काय काय आहे?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न, "खरं सांगा, अजून काही?"

त्यांनी सांगितल्याप्रमाणे गुरुवारी संध्याकाळी भवानी पेठेतल्या टर्नरकडून बुश कातून घेतली. बाहेरून हाउसिंगच्या भोकात घट्ट बसणारी, आतून साडेपाच मिमी. जी बुधवारी करायची होती, तीच.

शुक्रवारी सकाळी अण्णा आले. बॅटरीच्या दोन्ही तारा आधीच काढून ठेवल्या होत्या. त्यांनी इंजिनाच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टरही काढायला लावला. मशिनची एक वायर हेडला, भोकाच्या जितकी जवळ जोडता येईल तितकी जवळ जोडली, म्हणजे वीज भलत्या वाटेनं गाडीभर फिरायला नको. पहिली अडचण पकडीची. या मशिनच्या बुडाला लोहचुंबक असतो आणि ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. आम्ही १० मिमी जाडीचा लोखंडी पाटा शेजारच्या ब्रॅकेटच्या दोन भोकांत बोल्टनं आवळला आणि त्यावर मशिन बसवलं. दुसरी अडचण मध्याची. हाउसिंग आणि बुश लावून, कांडीच्या जागी आधी एक सरळ पिन पकडून, ती बुशमधून कुठेही न घासता आत-बाहेर जाईपर्यंत अण्णा पाटा सरकवत राहिले. यातच पाऊण तास गेला. शिकाऊ पोरगा चुळबुळत होता. मी त्याला बघत बस म्हणालो.

मग हाउसिंग काढलं आणि साडेपाच मिमीची पितळी कांडी लावली. साडेपाचच का, याचा हिशोब त्यांनी बोटांवर सांगितला. एम-८ च्या भोकातला आट्यांच्या शेंड्यांमधला व्यास सुमारे ६.६५ मिमी. ठिणगी कांडीच्या प्रत्येक बाजूला थोडं जास्तच खाते, म्हणून भोक साधारण ५.८ पडेल. म्हणजे हेडच्या आट्यांना धक्का नाही, बोल्टाची ०.४ मिमीची नळी उरेल, आणि माझा तो तिरका ईझी-आउट मात्र पूर्णपणे त्या ५.८ च्या आत येईल. जेमतेम. ड्रिल आणखी पाव मिमी सरकला असता तर एका कडेला कडक पोलादाची पाकळी राहिली असती.

ठिणग्यांचा आवाज तळणीत मोहरी तडतडावी तसा. मी पिचकारीनं पाणी देत होतो, खाली ट्रेमध्ये काळं पाणी जमत होतं. १८ मिमीला सव्वा तास लागला. मधून मधून अण्णा कांडी बाहेर काढून पुढची झिजलेली बाजू कापून टाकायचे, कारण ठिणगी कांडीलाही खाते.

शेवटी आत बोल्टाची पातळ नळी उरली. तिची आतून ढकलणारी ताकद गेली होती. अणकुचीदार टोचानं वरची कड आत वळवली, चिमट्यात धरली आणि ओढली. आट्यांसकट नळी स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर आली, दोन तुकड्यांत. आमच्या पोरानं ती पिशवीत घालून खिशात ठेवली. कशाला, ते विचारलं नाही.

भोक धुऊन, हवा मारून, एम-८, १.२५ पिचचा टॅप हातानं फिरवला. आतले आटे चांगले होते, पण वरचे तीन क्षारानं खाल्लेले, खडबडीत. नवा बोल्ट त्यात बसला असता आणि बहुधा टिकलाही असता. इथे आमच्या धंद्यात दोन मतं आहेत. काही मिस्त्री हेलिकॉइल घालणं म्हणजे ठिगळ समजतात. मला ते पटत नाही. हेलिकॉइल ही स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग. ती ॲल्युमिनियममध्ये मोठ्या व्यासाचे आटे पकडते, त्यामुळे ओढ जास्त धातूवर वाटली जाते आणि बोल्ट काढ-घाल करताना झिजतं ते पोलाद, हेड नाही. १० मिमीचा जाडा बोल्ट घालावा असंही पोरानं सुचवलं. पण तो हाउसिंगच्या भोकातूनच गेला नसता. भोकाभोवती धातू पुरेसा आहे हे व्हर्नियरनं पाहून घेतलं. ८.३ चा ड्रिल, हेलिकॉइलचा खास टॅप, आणि १२ मिमी लांबीची कॉइल, तोंडापासून अर्धा आटा आत. बसवायची शेपटी मोडून चिमट्यानं बाहेर काढली, नाही तर ती भोकाच्या तळाशी राहते आणि बोल्ट तिच्यावर टेकतो.

दबलेली कड सपाट दगडावर तेल घालून घासली. नवं गॅस्केट, नवा थर्मोस्टॅट, नवे बोल्ट, आट्यांना अँटी-सीझचा, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, पातळ हात. वंगण लावलेल्या आट्याला तोच टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिला की ओढ जास्त येते, म्हणून पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा थोडा कमी लावला. सिस्टिम स्वच्छ पाण्यानं तीनदा धुतली. तिसऱ्यांदा पाणी चहाऐवजी लिंबू सरबतासारखं आलं. मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हातपंपानं १ बार दाब देऊन वीस मिनिटं ठेवलं, काटा हलला नाही. पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवलं.

शुक्रवारी संध्याकाळी काका आले. बिलात थर्मोस्टॅट, गॅस्केट, कुलंट, ठरलेली मजुरी आणि बोल्ट दोन नग. अण्णांचे पैसे, बुश आणि हेलिकॉइल माझ्या खात्यात. काकांनी चष्मा लावून बिल दोनदा वाचलं.

"बोल्ट दोन नग, चोवीस रुपये?"

"हो."

"तीन दिवस चोवीस रुपयांसाठी." बिलाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली, पैसे मोजून दिले, आणि गाडीत बसता बसता डिकी उघडायला लावली. आत बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन होता, कायमचा. तो त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "झाडांना घाला. तीही पितील का, बघा."